व्यंकूची अर्धा किलो चटणी

महिना झाला. सकाळी चहा घेत होतो, तेवढ्यात व्यंकूच्या लेकीचा फोन आला. "काका, अप्पा गेले. झोपेतच गेले." रडू आलं, पण त्याआधी सुटकेचा निःश्वासही सुटला... कारण तो जाण्याच्या आठच दिवस आधी आमचं मनातलं बोलणं झालं होतं.

सोलापुरातल्या एकाच कारखान्यात आम्ही शेजारशेजारच्या मागांवर चादरी विणल्या. व्यंकू बोलताना अडखळायचा. पण माग सुरू झाले की त्या खडखडाटात त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे आणि गडी घडाघडा बोले. लग्नाआधी बायकोलाही त्याने तिथेच बोलायला बोलावलं होतं! मालकाची बोलणी खाल्ली, पण लग्न जमलं. बाहेर मात्र त्याच्या वतीने मी. बँकेत, दवाखान्यात, दुकानात... त्याने तोंड उघडलं की वाक्य मी पुरं करायचो. मला वाटे, केवढी ही दोस्ती!

माग बंद पडले आणि व्यंकू जवळजवळ मुकाच झाला. मग लेकीने त्याला वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे नेलं. त्यांनी कानात घालायचं छोटं यंत्र दिलं. त्यात आपलाच आवाज किंचित उशिरा ऐकू येतो, शेजारी कुणी सोबत बोलत असल्यासारखा. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, म्हणाल्या. व्यंकूला बराचसा आला. पहिल्याच दिवशी तो दुकानात सावकाश म्हणाला, "शेंगाचटणी द्या..." आणि मी सवयीने पुढे, "पाव किलो!" तो माझ्याकडे बघत राहिला. "अर्धा," म्हणाला. इतकी वर्षं त्याला अर्धा किलो हवी असायची. मला फार लाज वाटली, पण माफी मागणं काही जमलं नाही.

आठ दिवस आधीच्या त्या शेवटच्या भेटीत तो अंथरुणावर होता. त्याने यंत्र काढून उशाशी ठेवलं. "अरे, राहू दे की कानात," मी म्हणालो. त्याने नकारार्थी मान हलवली.

"तू... म... माझ्या..." पुढचे शब्द माझ्या ओठांवर आले होते. गिळले. "माझ्यासाठी लई बोललास. र... राग न्हाय. पन आज थ... थांबलास, बरं वाटलं बग."

किती वेळ लागला, कोण जाणे. मी हात धरून बसलो होतो.

परवा लेकीने ते यंत्र माझ्याकडे दिलं. घरी येऊन कानात घातलं आणि म्हणालो, "शेंगाचटणी द्या, अर्धा किलो." किंचित उशिराने तेच शब्द कानात आले. ते पुरे होईपर्यंत मी गप्प राहिलो. या वेळी बरोबर सांगितलं होतं.