आईचे इंग्रजी शब्द

बँकेच्या परीक्षेत इंग्रजीने मला दोनदा पाडलं, तेव्हा मी एक जाड वही केली. रोज वीस अवघड शब्द, समोर मराठी अर्थ, आणि सकाळी मोठमोठ्याने घोकंपट्टी. उल्हासनगर कॅम्प चारमधल्या आमच्या एका खोलीच्या घरात दुसरीकडे जायला जागाच नव्हती. शेजारी आई जीन्सचा ढीग घेऊन बसलेली असे. कारखान्यातून शिवून आलेल्या पँटींचे लोंबते धागे ती कात्रीने कापायची. तिची शाळा चौथीत सुटलेली. माझा आवाज तिला पंख्याच्या घरघरीसारखाच असणार, असं मी धरून चालले होते.

एकदा तिचं पोट दुखायला लागलं, म्हणून तिला अंबरनाथला डॉक्टरांकडे नेलं.

"मावशी, सतत दुखतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो, इंटरमिटंट आहे," आई म्हणाली. "पण आलं की एक्स्क्रूशिएटिंग."

डॉक्टरांचं पेन थांबलं. अधूनमधून येणारं, आणि आलं की जीव नकोसा करणारं. दोन्ही शब्द माझ्या वहीतले होते आणि अगदी जागच्या जागी बसले होते.

रिक्षात मी विचारलं, "हे कधी शिकलीस तू?"

"रोज कानाशी ओरडतेस. बोळे घालू का कानात?"

घरी येऊन मी वही उघडली आणि मधूनच कुठलाही शब्द विचारत सुटले. ती पँटी उलटत उत्तरं देत होती. "ऑब्स्टिनेट म्हणजे हट्टी, तुझे बाबा. गॅर्युलस, खालची वहिनी, बोलायला लागली की दूध उतू जातं तिचं. इफेमरल, आपल्या नळाचं पाणी, आलं म्हणेपर्यंत गेलं."

मी पानं उलटत गेले, ती चुकेना. त्यातले निम्मे शब्द मी स्वतः विसरले होते.

"आधी का नाही बोललीस?"

"मला वाटलं, ऐकलं की सगळ्यांच्याच लक्षात राहतं."

तेव्हापासून मी शब्द वाचायचा आणि आईने त्याला चाळीतलं कुणीतरी शोधायचं, असं सुरू झालं. कधी कधी त्यावरून आमची भांडणंही होत. आईचं दुखणं ॲसिडिटीचं निघालं, गोळ्यांनी गेलं. तिसऱ्या खेपेला मी पास झाले. आता बदलापूरच्या शाखेत आहे.

निकाल लागला त्या दिवशी ती म्हणाली, "त्या शब्दांतला एखादा लिहून दाखव ना. दिसतो कसा?"

मी मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'मॅग्नॅनिमस' लिहिलं, म्हणजे मोठ्या मनाचा. तिने त्यावरून सावकाश बोट फिरवलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत.

"केवढा लांब आहे गं," ती म्हणाली. "बोलताना एवढा वाटत नाही."