सुगंधाबाईंची रेवडी

राजुऱ्यातल्या माझ्या शेजारीण सुगंधाबाई रेवडीचा पाक ओढायला लागल्या की घरात कोणी तोंड उघडायचं नाही. खाणीवर आलेल्या एका उत्तरेकडच्या हलवायाकडून त्यांच्या सासूने ही रेवडी उचलली, आणि हा नियमही. "बोललं का पाक रुसते," बाई म्हणत. कुकरच्या शिट्टीवरसुद्धा डोळे वटारत.

गुळाचा घट्ट पाक ओढायचा, दुमडायचा, पुन्हा ओढायचा. तांबूस दोर पांढुरका झाला की तुकडे करून भाजलेल्या तिळात घोळवायचे. पारख मात्र दाताची. बाईंना तो एकच उरला होता, पुढचा. दोराचं टोक त्यात धरून झटका द्यायच्या. कट्कन तुटला की जमला.

नात प्रज्ञाच्या साखरपुड्याला ओढणारा माणूस कमी पडला. मी, ज्याच्या हातून चहासुद्धा उतू जातो, पुढे सरसावलो. आलापल्लीचे पाहुणे वाटेत होते. होणारी विहीण मोठी चिकित्सक. मागच्या खेपेला बाईंच्या बैठकीतल्या पंख्याच्या आवाजावरून सोयरीक मोडायला निघाली होती.

बाईंनी टोक दातात धरलं. मी जोमाने ओढलं. बाई जोरजोरात हात हलवू लागल्या. मला वाटलं, शाबासकी. मी आणखी ओढलं, दुमडलं, ओढलं. शेवटचा तुकडा तिळात घोळल्यावर त्या बोलल्या, "मास्तर, माहा दात गेला त्याच्यात."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"पाक रुसला असता ना."

मी रेवड्या फोडायला बसलो, तर त्यांनी परात ओढून घेतली. "पाहुण्याले काय चुरा देता?" तेवढ्यात दारात गाडी थांबली.

अंगठ्या घालून झाल्या. विहीणबाईंनी रेवडी तोंडात टाकली. कट्. चावणं थांबलं, आणि तळहातावर दात आला. मी पंख्याकडे पाहू लागलो.

सुगंधाबाई तळहातात डोकावल्या आणि हळहळल्या, "विहीणबाई, हालून राह्यला होता का जी तुमचा?"

विहीणबाईंनी जिभेने तोंड चाचपलं. फटी आधीच बऱ्याच होत्या. कोणती नवी ते कळेना. "हो, जरासा," त्या पुटपुटल्या आणि दात रुमालात गुंडाळला. पंख्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

गेल्या थंडीत सुगंधाबाई गेल्या. अंत्ययात्रेला आलापल्लीहून विहीणबाई आल्या होत्या. डोळे पुसत मला म्हणाल्या, "त्यांच्या रेवडीनं माहा दात गेला, मास्तर. पण मीनं अजून डबीत जपून ठेवला."

मी काही बोललो नाही. बाईंचा नियमच तसा होता.