गणूची पाठ आणि खिशातला कॅमेरा

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, पोखर्णीजवळच्या खेड्यात गणू सुताराची पाठ चाबकानं फोडली. फोडणारा गिरदावराचा शिपाई. गिरदावर म्हणजे सारावसुलीवरचा अंमलदार. गणूचा गुन्हा काय? बायको बाळंतपणात अडली होती, म्हणून साहेबाची गाडी फुकट दुरुस्त करायला तो गेला नाही. वेठीला नकार! निजामी राज्यात एवढं पुरतं.

मी परभणीत फोटोच्या दुकानात कामाला आहे. गणूचे वकील म्हणाले, "तारीख लागेपर्यंत वळ भरून येतील. पाठीचा फोटो अर्जाला जोडू."

दुकानातला मोठा कॅमेरा बैलगाडीत घातला. तिपाई, काळं कापड, काचेच्या प्लेटा, सगळा संसार. गावात पोचलो तर अख्खं गाव जमलेलं. गणू आंघोळ करून, पाव्हण्याचा कोट अन् फेटा चढवून उभा.

"कोट काढ गणू. पाठ पायजे."

"उघड्या अंगानं? सोयरे काय म्हन्तील?"

दारातून त्याची बाळंतीण बायको ओरडली, "आवो, फेटा सरळ करा की!"

एवढ्या लोकांपुढं तो कोट काढेना. तसाच फोटो निघाला. कचेरीतला अर्ज घेणारा पेशकार तो बघून हसला. "इसकू मारा बोलते? ये तो नौशा दिखरा!" नौशा म्हणजे नवरदेव. अर्ज परत.

वकीलसाहेब स्वतः हौशी फोटोवाले. त्याच संध्याकाळी छोटा कॅमेरा घ्यायला दुकानात आले. त्यांनी डब्यासारखा दिसणारा उचलला. "हा सोपा आहे. बटण दाबलं की झालं."

"अन् दहा फुटांच्या आत सगळं धुरकट," मी म्हणालो. "ह्याचं अंतर जुळवता येत नाही. वळ दिसणार नाहीत. हा घडीचा घ्या. भाता मिटला की कोटाच्या खिशात जातो. काच चांगली आहे, कमी उजेडात चालते. चार फुटांवरचंही नेमकं येतं."

मागून मालक गुरगुरले, "तू दुकान चालवायलायस का चळवळ?"

"दोन्ही."

"मग धरलं तर माझं नाव घेऊ नको."

वकिलांनी घडीचा घेतला अन् माझ्या हातात दिला.

सकाळी एकटाच गेलो. गर्दी नाही. सदरा जखमेला चिकटतो म्हणून गणू उघड्या अंगानंच रंधा मारत होता.

"फोटूवाले, पेटारा कुठाय?"

"खिशात. पाठीचा काढू का? तोंड येणार नाही."

त्यानं जरा विचार केला. "मंग काढा. सोयऱ्याला वळकू येत न्हाई."

चार फुटांवरून काढला. एकेक वळ मोजून घ्यावा इतका स्वच्छ आला. ह्या खेपेला अर्ज घ्यावाच लागला. चौकशीला आलेल्या साहेबाचा पहिला सवाल, शिपाई कोण हा नव्हता. कॅमेरा कोणाचा, हा होता! शिपायाला काढलं नाही. बदली केली.

तो आता पालमकडं आहे. चाबूकही तिकडंच गेलाय.

पालमकडच्या हौशी लोकांनो, तुमचा चांगला कॅमेरा लग्नामुंजींसाठी कपाटात पडलाय. आज त्यात रीळ भरा. तो खिशात घाला, गावात जा, अन् माणसाच्या पाठीमागं उभं राहायला शिका.