नववा गोळा

दत्ताराम गावडे नावाचा माणूस स्वस्थ बसलेला काळाचौकीत कुणी पाहिला नाही. जेवतानाही त्यांचा पाय हलायचा. गिरणीत ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. तिथून कमी केलं तेव्हा वय सत्तेचाळीस. त्यानंतर चाळीतले पंखे, मिक्सर, कुणी न सांगता उघडून बसायचे. बायको म्हणायची, ह्या माणसाला एकदा सणसणून ताप येऊ दे, म्हणजे आडवा तरी होईल.

२००६ साली आमच्या मंडळाने गणपतीचा देखावा त्यांच्याकडे सोपवला. मी सेक्रेटरी होतो आणि खरं सांगतो, त्यांची भुणभुण थांबावी म्हणूनच मी होकार दिला. दोन महिन्यांत त्यांनी सूर्यमाला उभी केली. मधे पिवळा दिवा, भोवती पंख्यांच्या जुन्या मोटारींवर फिरणारे नऊ गोळे. मांडवावर फलक लागला, ‘नवग्रह दर्शन’.

रविवारी गणपती. शुक्रवारच्या पेपरात बातमी आली, प्लूटो आता ग्रह नाही.

दत्तारामकाका पेपर घेऊन तडक मालनबाईंकडे गेले. बाई पालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांनी समजावलं की लांब कुठेतरी प्लूटोएवढाच दुसरा गोळा सापडलाय. त्यालाही ग्रह म्हणायचं तर उद्या आणखी किती? म्हणून खगोलशास्त्रज्ञांनी सभा भरवून अटी ठरवल्या आणि मतं घेतली. ग्रह सूर्याभोवती फिरणारा हवा, स्वतःच्या गुरुत्वाने गोल झालेला हवा आणि आपल्या वाटेवरचा पसारा त्याने आवरलेला हवा. पहिल्या दोन अटींत प्लूटो पास, तिसरीत नापास. त्याच्या वाटेवर तसल्याच गोळ्यांची गर्दी.

काका खाली आले ते सांगतच, “नववा काढतो.”

अध्यक्ष भिवा परब खवळले. “फलक रंगवून झाला. पूजेत नऊ ग्रह आणि मांडवात आठ? लोक काय म्हणतील?”

“पूजेतल्या नवांत सूर्य-चंद्र आहेत, राहू-केतू आहेत,” मालनबाई जिन्यातून म्हणाल्या. “प्लूटो त्यांत कधीच नव्हता.”

भिवाकाकांना ते पटलं नाही. मला पटवून घ्यायचंच नव्हतं, कारण सोमवारी स्पर्धेचे परीक्षक येणार होते. “राहू द्या नऊ, कोण मोजायला बसलंय,” मी म्हटलं. त्या बोलण्याची मला अजून लाज वाटते.

शनिवारभर काका मांडवात येरझाऱ्या घालत होते. शिडीवर चढायचे, गोळ्याला हात लावायचे, तसेच उतरायचे. चहा दोनदा गार झाला. संध्याकाळी भिवाकाका वैतागले. “दत्ता, अरे तूच बनवलास ना तो? मग त्याच्यावर एवढा राग कशाला?”

“राग नाय रे,” काका म्हणाले. “गिरणीत माझा नाव मस्टरवरसून काढल्यानी. कित्याक काढल्यानी, ता आजपर्यंत कोणी सांगूक नाय. ह्या प्लूटोक काढूच्या आधी अटी सांगल्यानी, सगळ्यांसमोर हात वर केल्यानी. मग मी खोटा कित्याक फिरवू?”

भिवाकाकाही त्याच गिरणीत होते, त्यांचंही नाव त्याच दिवशी मस्टरवरून निघालं होतं. ते उठले आणि शिडी धरून उभे राहिले.

“चढ,” ते म्हणाले.