धुळ्याला न पटलेली सही

नव्वदीच्या अखेरीस चोपड्यातल्या एका केळी व्यापाऱ्याच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरवर बसायचे. इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठीत बोलायचं तरी आधी मनात वाक्य जुळवायचे. मशीनशी मात्र संकोच नव्हता.

ट्रक धुळ्याहून फोनवर मागवले जात. आमच्या नावानं फोन करून भलत्यानंच दोनदा ट्रक पळवले, तेव्हा मालकांना, म्हणजे आबांना, मी घाबरत युक्ती सांगितली. मागणी मोडेमवरून पाठवू. धुळ्याच्या मशीनवर नाव-पासवर्ड काही टाकायचं नाही. मागणीचा मजकूर, पाठवल्याची वेळ आणि फक्त दोन मशीनना ठाऊक असलेला एक शब्द, यांतून माझा प्रोग्राम एक आकडा काढेल. तीच आमची सही. धुळ्याचं मशीनही तोच आकडा काढून ताडून बघेल. जुनीच मागणी कुणी पुन्हा पाठवू नये म्हणून पाठवल्याची वेळ आणि धुळ्याच्या मशीनची वेळ यांत पाच मिनिटांहून जास्त फरक दिसला की सही अमान्य.

"आज चालनं ते ठीक," आबा म्हणाले, "नही ते आपला फोनच बरा शे." म्हणजे मी घरी.

बाहेर कापलेले घड रचून ठेवले होते. मी कळ दाबली. मोडेम किंचाळला. सही अमान्य. पुन्हा अमान्य. सहा वेळा! तेवढ्यात धुळ्याहून ट्रकवाल्या नानांचा फोन आला.

"ताई, तुमनं घड्याळ धा मिनिट पुढे शे!"

मी भिंतीकडे पाहिलं. कॉम्प्युटरची आणि भिंतीवरची वेळ एकच. माझ्या मनगटावर मात्र दहा मिनिटं कमी.

"आबा, कॉम्प्युटरची वेळ कुणी बदलली?"

"मीच! तूच शिकाडं ना? आठे बठ्ठा घड्याळ धा मिनिट पुढेच ऱ्हातस. नही ते ड्रायवर येळवर निंघतस का? मंग हाऊच कसा मांगे ऱ्हाई?"

"बाकीची सगळी पुढे राहू द्या, हे एकच मागे घ्या ना, आबा."

"नही म्हंजे नही."

मला हसू फुटलं. हसत हसतच प्रोग्राममध्ये एक ओळ घातली: सही करण्याआधी दहा मिनिटं वजा. कळ दाबली. सही मान्य, दोन ट्रक निघाले.

मी धावत अंगणात गेले आणि "मान्य! मान्य!" ओरडले. कशाला ते न कळताच घड रचणाऱ्या बायकाही ओरडल्या.

आबा दारात आले. "इतली जोरमां बोलता येस तुले?" मग म्हणाले, "सकायले रावेरना ट्रकनी मागणी बी तूच धाड."

मी "हो" म्हटलं, आणि हसू आवरेना म्हणून सरळ माठाकडे पळाले.