डाव्या खांबाची गाठ

सायमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी खराडीला मुलाच्या फ्लॅटवर होतो. "झोपेतच गेले हो," वहिनी एवढंच म्हणाल्या. मला रडू वगैरे आलं नाही, खरं सांगतो. आमच्या वयात असे फोन येतच राहतात, त्यांचाही कंटाळा येतो... दीड महिना झाला, रविवार मात्र सरता सरत नाही.

खडकीच्या आमच्या फुटबॉल क्लबात तो स्ट्रायकर, मी गोलकीपर. उभी कारकीर्द शहराच्या लीगमध्ये दुसऱ्या डिव्हिजनला गेली. सायमन काही वाऱ्यासारखा पळायचा नाही, पण चेंडू कुठे पडणार हे त्याला आधी कळायचं. तेव्हा तो एका गोदामात रोजंदारीवर पोती उचलायचा. एका कंपनीच्या संघानं त्याला शब्द दिला होता, तुमचा क्लब पहिल्या डिव्हिजनला येऊ दे, तुला खेळाडू म्हणून नोकरीत घेतो. ती नोकरी त्याला फार हवी होती, आणि त्या वर्षी शेवटची मॅच जिंकली की आम्ही वर जाणार होतो. आमच्याकडे गोलची जाळी खेळाडूंनीच बांधायची, पाळीपाळीनं. त्या दिवशी पाळी सायमनची. उशीर झालेला, सुतळी संपलेली, डाव्या खांबाच्या तळाची एक गाठ राहून गेली. "राहू दे, तिथून काय जातंय," तो म्हणाला. उत्तरार्धात त्याचाच फटका त्या खांबाला घासून आत गेला आणि सुट्या जाळीखालून बाहेर आला. रेफरी लांब होता, त्याला चेंडू खांबाबाहेरून गेलासा वाटला, त्यानं गोल न देता गोलकिक दिली. आम्ही सगळे त्याच्या अंगावर धावून गेलो. सायमन तेवढा आला नाही. तो खांबापाशी उभा राहून खाली बघत होता. मॅच बरोबरीत सुटली.

नोकरीचं पुढे काही झालं नाही. तो गोदामातच राहिला, गुडघे गेले, खेळणं सुटलं. पण रविवारी मॅच कुणाचीही असो, तासभर आधी हा मैदानावर हजर. स्कूटरच्या डिकीत सुतळीचा गुंडा. आता जाळी कायमच लावलेली असते, तरी हा वाकून एकेक गाठ ओढून बघणार. रंगीत बुटांतली आयटीवाली पोरं त्याला 'जाळीवाले अंकल' म्हणायची. एकदा वैतागून मी म्हटलं, "अरे, बस कर आता. कुणी सांगितलंय तुला?" त्यानं सुतळी दातानं तोडली. "कुणाचा तरी गोल असतो रे," म्हणाला. त्या मॅचबद्दल तो यापेक्षा जास्त कधीच बोलला नाही.

गेल्या रविवारी वहिनींनी तो गुंडा माझ्या हातात दिला. मी लवकर मैदानावर गेलो, डाव्या खांबापाशी कसाबसा वाकलो. त्याची गाठ होती. ओढून बघितली, हलेना. तेव्हा मात्र रडलो, चांगला रडलो. मग गुंडा तसाच खिशात ठेवून कडेला जाऊन बसलो. मॅचमध्ये कुणीतरी त्याच खांबालगत फटका मारला. चेंडू जाळीत जाऊन थांबला. रेफरीनं शिट्टी वाजवली, आणि कुणीही वाद घातला नाही.