बावनकर सरांची ओली बांदी

बावनकर सर रस्त्याने चालताना कुणालाही थांबवायचे. डोक्यावर गवताचा भारा असो की हातात दुधाची किटली, "हालू नोको बाबू, तसाच उभा राय," म्हणायचे आणि एक डोळा मिटून पाहत राहायचे. आंधळगावात उशीर झालेल्याला तेवढंच कारण पुरायचं. आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे, मी विज्ञान, घरंही शेजारी. निवृत्त झाल्यावर त्यांनी नागपूरहून तैलरंग आणले आणि तलावाची पाळ, धानाच्या बांद्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि त्यात कुठेतरी एक माणूस, एवढंच रंगवत बसले. "माणसाबिगर जागा म्हंजे रिकामी खाट, मॅडम," म्हणायचे.

अख्खं गाव त्यांच्यासमोर उभं राहिलं, फक्त त्यांच्या पत्नी, शेवंतावहिनी, कधी उभ्या राहिल्या नाहीत. सर लाडीगोडी लावायचे, रुसायचे. वहिनींचं उत्तर ठरलेलं: "मले काम आहे." आणि खरंच असायचं. घरची बांदी त्याच पाहायच्या. सरांना शेतीतलं हिरव्या रंगापलीकडे काही कळत नव्हतं.

गेल्या वर्षी वहिनींचं दुखणं बळावलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी घरी घेऊन जायला सांगितलं. आल्या त्या दिवशी मागच्या दारात बसून, समोरची, नुकताच रोवणा होऊन धानाची रोपं लागलेली बांदी पाहत त्या म्हणाल्या, "काढा आता माहं चित्र. आता मले काही काम नाही राह्यलं." सर आत जाऊन बराच वेळ रंगांची पेटी शोधत राहिले. पेटी समोरच होती.

बांदी लवकरच रंगवून झाली. पण आधी जमीन, मग तिच्यावर माणूस, ही सरांची पद्धत. "जमीन वाळल्याबिगर माणूस उभा नाही करत मी. ओल्यात रंग मळते," ते सांगायचे. श्रावणातली दमट हवा. हिरवा काही वाळेना. रोज सकाळी सर चित्राला बोट लावायचे आणि बोट हिरवं व्हायचं. इकडे वहिनींचं अन्न सुटलं. मी एकदा चिडलेच, "सर, कायले थांबून राहिले? करा ना आता!"

"वाळू द्या, मॅडम."

रंग वाळेपर्यंत वहिनी जाणार नाहीत, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. मला त्यांचा राग यायचा आणि घरी आल्यावर रडू यायचं.

एका सकाळी वहिनींनीच विचारलं, "वाळलं का जी?"

सरांनी त्यांच्या ओढलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. "हो, वाळलं," म्हणाले. मी तिथेच होते. त्यांच्या बोटाला हिरवा रंग लागलेला होता.

दाराची चौकट धरून वहिनी उभ्या राहिल्या. मी मागून आधार दिला. ब्रश फिरू लागला तसा खालचा हिरवा वर आला आणि लाल लुगडं पोटरीपासून खाली मातकट होत गेलं. सरांचा हात थांबला. ते लहान मुलासारखे रडायला लागले. "खोटं बोललो मी. ओलंच होतं. पूरं बिघडलं."

वहिनी बाजेवर टेकल्या आणि चित्राकडे पाहत राहिल्या. "रडता कायले? रोवणा का कोरड्यात होते? चिखलातच उभी राहाची ना मी. तशीच तं दिसून राह्यली."

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या गेल्या. तेरवीला आलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी चित्र भिंतीवर टांगायला म्हणून उचलायला गेलं. सर लगबगीने मध्ये आले.

"हात नोका लावू तिले," म्हणाले. "ओली आहे अजून."